गावाने शिकवलेला ब्रेक

कोल्हापुरात मोटारसायकल शिकवायची एक रीत आहे. आधी तोल, मग वेग, मग पायाचा म्हणजे मागचा ब्रेक. हाताच्या, म्हणजे पुढच्या ब्रेकपाशी आलं की शिकवणारा डोळे मोठे करून सांगतो, "ह्याला हात लावायचा न्हाई. लावलास की डोक्यावर पडलास." बापाने मुलाला हेच सांगितलं आणि मुलाने त्याच्या मुलीला. गाड्यांचं पेट्रोल गेलं, बॅटरी आली, क्लच आणि गिअर इतिहासजमा झाले, तरी ही एक शिकवण जशीच्या तशी राहिली.

ऋतुजा पोवारच्या शाळेत मात्र पहिला धडा पुढच्या ब्रेकचाच असे. शहराबाहेर बंद पडलेल्या एका साखर कारखान्याच्या आवारात, जिथे पूर्वी उसाच्या गाड्यांची रांग लागायची, तिथे ती बायकांना मोटारसायकल शिकवी. त्या सकाळी पन्नाशीच्या एक शिकाऊ बाई चुन्याने आखलेल्या रेषेकडे गाडी घेऊन येत होत्या आणि ऋतुजा कडेला उभी राहून सांगत होती, की लिव्हर एकदम आवळायची नाही, लिंबू पिळतात तशी दाबायची, हळूहळू पण शेवटच्या थेंबापर्यंत. ब्रेक मारला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी थांबते तीही पुढच्याच चाकावर. एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. बाईंनी लिंबू पिळलं, पण गाडी रेषेच्या चांगली पुढे जाऊन थांबली. ऋतुजाने त्यांना पुन्हा फेरी मारायला लावलं. चूक बाईंचीच असणार, असं ती धरून चालली होती.

तेवढ्यात फाटकापाशी रिक्षा थांबली आणि कुबड्या टेकत शबाना मुजावर उतरली. ही ऋतुजाची सगळ्यात तयार विद्यार्थिनी. ती दुचाकी रुग्णसेवेत होती. जिथे मोठी रुग्णवाहिका पोचत नाही तिथे औषधांची पेटी घेऊन मोटारसायकलने जायचं, हे तिचं काम. पंधरवड्यापूर्वी एका अडलेल्या बाळंतिणीकडे निघालेली असताना करूळ घाटातल्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध गवा उभा होता. गाडी थांबली नाही. गवा बाजूला झाला आणि शबाना कठड्यावर आदळली. दुसरं कोणी पोचेपर्यंत उशीर झाला. बाई वाचली, बाळ हाती लागलं नाही.

आता चौकशी समितीचं म्हणणं होतं, की गाडीच्या नोंदीप्रमाणे शबानाने पुढचा ब्रेक दाबलाच नव्हता. घाबरली, हातपाय गळाले, म्हणून एक जीव गेला. परवाना कायमचा रद्द व्हायचा होता. चूक कबूल केली तर कार्यालयात बसून करायचं काम देऊ, एवढी मेहेरबानी मात्र समितीने दाखवली होती.

"मी दाबला हुता, मॅडम," शबाना म्हणाली. "लिंबू पिळल्यासारखा. गाडीनं ऐकलंच न्हाई. उपाशी बसतो मी, पण न केलेली चूक कबूल करत न्हाई."

ऋतुजाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग रेषेच्या पुढे उभ्या असलेल्या त्या बाईंच्या गाडीकडे.  तिने बाईंना उतरवलं, स्वतः गाडीवर बसली, वेग घेतला आणि रेषेआधी लिव्हर दाबली. पुढचं चाक नावापुरतं अडखळलं आणि गाडी बाईंनी थांबवली होती तिथेच जाऊन थांबली. तिने पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा तेच. शेडमध्ये कालच शोरूममधून आलेली तशीच एक गाडी होती, अजून नंबरही न मिळालेली. ती घेऊन ऋतुजा त्याच वेगात आली, तर गाडी रेषेच्या अलीकडे खुंटीला बांधल्यासारखी उभी राहिली.

दोन्ही गाड्या शाळेने नुकत्याच घेतलेल्या, शबानाच्या गाडीच्याच बनावटीच्या, दोन्हींना 'सोबती' ब्रेक. हा सोबती म्हणजे जुन्या अँटी-लॉकचा नातू. चाक जाम होऊन गाडी घसरायला लागली की क्षणभर ब्रेक सोडायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा सोडायचा, डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीतरी वेळा, एवढंच तो आजोबा करायचा. नातू जास्त शहाणा. त्याच्यात लिव्हर आणि चाक यांच्यामध्ये संगणक बसला होता. बोटांचा दाब तो वाचायचा आणि चाक किती धरायचं हे तोच ठरवायचा. जुनी तेलाची नळी शिल्लक होती, पण तिचं काम संगणक बंद पडला तरच सुरू व्हायचं.

त्या आजोबावरून, म्हणजे अँटी-लॉकवरून, ऋतुजाच्या घरात अर्धं आयुष्य भांडण झालं होतं. तिचे वडील विलासराव, म्हणजे सगळ्या उद्यमनगरचे आप्पा, तरुणपणी मातीच्या ट्रॅकवर शर्यती मारलेले, मग तिथेच गॅरेज टाकलेले. त्या गाड्यांना पुढचा ब्रेक नसायचाच. मोकळ्या मातीत चाक जाम झालेलं बरं, त्याच्यापुढे मातीचा ढीग साठतो आणि गाडी लवकर थांबते. अँटी-लॉक तिथे आडवा येतो. आप्पांचं हे म्हणणं खरं होतं, मातीपुरतं. पण रस्ते डांबरी झाले तरी आप्पांचा हेका तोच राहिला. गॅरेजात आलेल्या प्रत्येक गाडीचा अँटी-लॉकचा फ्यूज ते हळूच काढून ठेवत आणि प्रत्येक पोराला सांगत, पुढच्याला हात लावायचा नाही. अर्धं शहर त्यांच्याकडे शिकलं आणि उरलेलं त्या अर्ध्याकडे.

ऋतुजाने चौकशीसाठी पुण्याहून आलेल्या, सोबती बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याला आवारात बोलावून घेतलं. अद्वैत गद्रे त्याचं नाव. बिचारा सरळ माणूस होता. दोन्ही गाड्यांवर त्याने स्वतः फेऱ्या मारल्या आणि हेल्मेट काढलं. मग त्याने सांगितलं, की माणूस घाबरून लिव्हर आवळतोय की जाणूनबुजून दाबतोय हे सोबतीला ओळखावं लागतं, आणि ते तो त्या त्या जिल्ह्यातल्या लोकांच्या सवयींवरून शिकतो. नंबर मिळाला की गाडी जिल्ह्याच्या शिकवणीला जोडली जाते.

"आणि आमच्या जिल्ह्यात पुढचा ब्रेक कोणी दाबत नाही," ऋतुजा म्हणाली.

"दाबतात ते फक्त दचकून, आणि लगेच सोडतात. त्यामुळे पुढच्यावर कसलाही दाब आला की तो चूक समजतो. म्हणून चाक धरत नाही आणि ब्रेक दाबल्याची नोंदही ठेवत नाही."

म्हणजे शबानाने केलं ते बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच यंत्राने ते खोडून टाकलं. ऋतुजाच्या अंगाची लाही लाही झाली. ज्या ब्रेकसाठी ती बापाशी भांडली, तोच बापाचा शिष्य निघाला होता.

तिने समितीला आवारातच बोलावलं. कागदावर काही सिद्ध होणार नाही, डोळ्यांनी बघा, असा तिने हट्टच धरला. वजनकाट्याच्या शेडमध्ये साहेबांच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. आप्पा न बोलावता आले, गॅरेजातली सगळी फौज घेऊन.

शबानाचीच गाडी दुरुस्त करून आणली होती. ऋतुजाने पहिली फेरी मारली, लिव्हर दाबली, गाडी रेषा ओलांडून गेली. मग तिने सीट उघडून सोबतीचा फ्यूज उपटला. अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले की हा दंडनीय गुन्हा आहे.

"गुन्हा नोंदवा," ऋतुजा म्हणाली. "पण आधी बघा."

आता तेलाची नळी कामाला लागली होती. दुसऱ्या फेरीत गाडी रेषेच्या अलीकडे थांबली आणि आप्पांच्या फौजेने टाळ्या पिटल्या. आप्पांनी मिशीवरून बोट फिरवलं. फ्यूज काढावा, हे जन्मभराचं म्हणणं लेकीने भर सभेत सिद्ध केलं होतं, त्यांना आणखी काय हवं?

पण ऋतुजाचं झालं नव्हतं. तिने टँकरवाल्याला खूण केली. काँक्रीटवर पाणी पसरलं, त्यावर मळीचा जुना चिकट थर ओला होऊन चमकायला लागला. तीच फ्यूज काढलेली गाडी घेऊन ती त्याच वेगात आली आणि तशीच लिव्हर दाबली. पुढचं चाक जाम झालं, गाडी आडवी झाली, आणि गाडी एकीकडे, ऋतुजा दुसरीकडे अशा दोघी घसरत गेल्या. शेडमधलं कोणी हललं नाही. आप्पा तेवढे उठून धावले, पण ती उठून उभी राहिली होती. कोपर सोलपटून निघालं होतं.

"आप्पा, फ्यूज काढला की हे असं होतं," ती म्हणाली. मग समितीकडे वळली. "आणि ठेवला की ते मघाचं. ब्रेक हवाय मला. चुकीचं शिकलेला नकोय."

साहेबांनी पाणी मागवलं, आपसात कुजबुज केली आणि कंपनीला फोन लावला. कंपनीचं उत्तर सरळ होतं. सोबतीत दोष नाही, तो बहुसंख्य चालकांप्रमाणे वागतो, त्याच्यामुळे राज्यभर अपघाती मृत्यू कमी झाले आहेत, आणि एका चालकासाठी जिल्ह्याची शिकवण बदलता येत नाही. मृत्यू कमी झाले हे खोटं नव्हतं, ऋतुजालाही ते माहीत होतं. समितीने निर्णय दिवाळीनंतर ढकलला. शबानाचा परवाना तोवर जप्तच राहणार होता.

सगळे गेल्यावर तिने अद्वैतला एकच विचारलं. जिल्ह्याने पुढचा ब्रेक दाबायला सुरुवात केली, तर?

तो दचकलाच. तसं कोणी केलं नव्हतं, पण मनाई कुठेच नव्हती. "शिकेल तो," तो म्हणाला. "पण जिल्हा म्हणजे तुमच्या शाळेतल्या बायका नव्हेत, मॅडम."

जिल्हा कोणाचं ऐकतो हे ऋतुजाला पक्कं ठाऊक होतं. ती तशीच, कोपराला फडकं बांधून, उद्यमनगरात गेली. गॅरेजात उत्साह ओसंडत होता. फ्यूज काढून घ्यायला गाड्यांची रांग लागली होती. तिने सगळ्यांसमोर आप्पांना सांगितलं, की आता पुढचा ब्रेक दाबायला तुम्हीच शिकवा.

आप्पा हसले. म्हणाले, जन्मात पुढच्याला हात लावला नाही आणि जन्मात पडलो नाही.

"मातीवर," ऋतुजा म्हणाली. "आप्पा, त्या यंत्राचे गुरू तुम्ही आहात. ते तुमच्याकडून शिकलं आणि शबाना कठड्यावर आदळली."

 आप्पांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तिला निघून जायला सांगितलं आणि ती गेली. वाटेत तिला रडू आलं, रागाचंच.

पण माघार घेईल ती पोवारांची पोरगी कसली? दुसऱ्या दिवसापासून तिच्या बायका शहरभर पसरल्या. रंकाळ्यावर, भाजी मंडईच्या मोकळ्या जागेत, शाळांच्या मैदानांवर त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून लिंबू पिळायला शिकवू लागल्या. शबाना एका पायावर उभी राहून स्वतःची गोष्ट सांगायची. लोक ऐकायचे, हळहळायचे, आणि गाडीला टांग मारून पुन्हा पायानेच ब्रेक मारत निघून जायचे. यंत्र जिथल्या तिथे होतं.

आठवडाभराने सकाळी आवारात एक गाडी आली. आप्पा होते. कोणाची तरी नवी बॅटरीची गाडी मागून आणली होती. त्यांच्या वयाला आणि मिशीला ती अजिबात शोभत नव्हती. त्यांनी थेट रेषेकडे गाडी काढली आणि ज्या बोटांनी साठ वर्षांत ती लिव्हर कधी धरली नव्हती, त्या बोटांनी दाबली. गाडी अर्थातच रेषेपुढे गेली. त्यांनी गाडी वळवली, पुन्हा आले, पुन्हा दाबली. ऊन चढेपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं. ऋतुजाने पाणी नेऊन दिलं, तेव्हा म्हणाले, "बोटं दुखालीत. पण गाडी पडत न्हाई गं."

त्याच संध्याकाळी गॅरेजच्या दारावर त्यांनी खडूने रेष मारली. काढलेले फ्यूज परत बसवले, आणि पुढचा दाबून दाखवल्याशिवाय गाडी घेऊन जायची नाही, असं फर्मान काढलं. गिऱ्हाइकं आधी हसली, मग चिडली, मग दाबू लागली. आप्पाच दाबतात म्हटल्यावर दुसऱ्या गॅरेजांतही रेषा उमटल्या. गणपतीनंतर पेठापेठांतून पैजा लागू लागल्या, कोणाची गाडी रेषेच्या किती जवळ थांबते याच्या. आणि दसऱ्याच्या सुमाराला एक दिवस अद्वैतचा फोन आला.  गाडीवर बसून बघा, एवढंच तो म्हणाला.

दिवाळीनंतर समिती पुन्हा आवारात आली, तेव्हा शबानाचं प्लास्टर निघालं होतं. तिने समितीसमोर आपल्याच गाडीवर बसायचा हट्ट धरला, आणि या वेळी अध्यक्षांनी आढेवेढे घेतले नाहीत. पाणी टाकलेल्या काँक्रीटवर ती आली, लिव्हर दाबली. चाक थरथरलं, धरलं, सुटलं, धरलं, आणि गाडी रेषेच्या अलीकडे सरळ उभी राहिली. ज्या ब्रेकमध्ये दोष नव्हता, तो सुधारला होता.  परवाना शबानाच्या हातात पडला, तेव्हा तिने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, की त्या बाळंतिणीच्या घरी आधी जाऊन येतो, मग कामावर.

आप्पा शेडच्या कठड्यावर बसून बघत होते. ऋतुजा शेजारी जाऊन बसली. जिंकल्याचं काहीतरी बोलावं असं तिच्या मनात होतं, पण आप्पांची नजर गाडीवरच खिळली होती.

"ऋतू," ते म्हणाले, "चांगलं शिकवलं म्हणून हे चांगलं शिकलं. पण बरं-वाईट ह्याला कळतंय कुठं? सगळा गाव ज्याचं ऐकतो, असा माझ्यासारखा एखादा उद्या पुन्हा निघाला, तर?"