गाठ ठिपक्यावर

"उशीर केलात," मान वर न करताच ती म्हणाली. "बसा."

दारातला माणूस खरं तर भांडायला आला होता. खाली त्याचं चष्म्याचं दुकान होतं. वर हिच्या प्रयोगशाळेत खुर्ची सरकली की खाली त्याच्या भिंतीवरची अक्षरं थरथरायची, आणि डोळे तपासायला आलेली माणसं घाबरून जायची. बाहेरच्या जिन्याने, भुरभुर पावसात भिजत तो तावातावाने वर आला होता. पण ही प्रयोगासाठी येणाऱ्या कुणाची तरी वाट बघत होती, आणि तिचं ते "बसा" असं काही होतं, की तो मुकाट्याने बसला.

तिने एकमेकांत गाठ मारलेली दोन रबरं पुढे केली. एक टोक त्याच्या बोटात, दुसरं तिच्या.

"टेबलावर ठिपका आहे. गाठ ठिपक्यावर ठेवायची. बाकी काही नाही."

तिने डावीकडे ओढलं, त्याने उजवीकडे. तिने सैल सोडलं, त्यानेही. तिने मुद्दाम हिसका दिला... गाठ हलली, आणि लगेच जागेवर आली. त्याच्या कपाळाला आठी पडली होती, नाकावरचा स्वतःचा चष्मा घसरला होता.

"सांगा आता, तुमचा हात कुणी हलवला?"

"तुम्ही! दुसरं कोण आहे इथे?"

"सगळे असंच म्हणतात," ती खुलली. "पण माझ्या हाताकडे तुमचं लक्ष तरी होतं का? तुम्हाला गाठ ठिपक्यावर हवी होती. माणूस धक्क्याने हलत नाही हो... त्याला काहीतरी जागेवर ठेवायचं असतं, म्हणून तो हलतो."

"आणि मी सोडून दिलं असतं तर?"

"देता येतं की. केव्हाही. मर्जी तुमची."

"मग मी का नाही सोडलं?"

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "ते तुम्हालाच ठाऊक," ती हसून म्हणाली.

एवढ्यात खरा पाहुणा छत्री झटकत दारात उभा राहिला, आणि भांडण राहूनच गेलं.

मग तो रोज संध्याकाळी दुकान आवरून वर यायला लागला. चहाला. निदान तो तसं म्हणायचा, आणि तीही तसंच समजल्यासारखं दाखवायची. ती त्याला 'चष्मेवाले' म्हणायची, तो तिला 'संशोधक बाई'. खुर्चीने थरथरणाऱ्या अक्षरांचं गाऱ्हाणंही त्याने एकदा हसत हसत सांगून टाकलं.

"आमच्या शास्त्रात माणसाला कधी विचारायचं नाही, तुला काय हवंय," ती एकदा कपात फुंकर घालत म्हणाली. "माणूस काहीही सांगतो. हळूच काहीतरी हलवायचं, आणि तो काय पुन्हा जागेवर आणतो ते बघायचं. तेच त्याला हवं असतं."

"आमचा धंदा बरोबर उलटा. तुमच्या डोळ्यांत शिरून मला थोडंच बघता येतं? आम्ही विचारतो, आणि समोरचा म्हणेल ते खरं धरतो. चला खाली, दाखवतो."

अंधाऱ्या खोलीत त्याने तिच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली. एक डोळा काळ्या चकतीने झाकला, दुसऱ्यापुढे काचा बदलत राहिला. त्याच्या बोटांना साबणाचा वास होता.

"हे बरं... की मघाचं?"

"मघाचं."

"आता?"

"दोन्ही सारखंच."

"झालं तर. 'सारखंच' म्हटलंत की आमचं काम संपलं. पुढे काच बदलायची नाही."

नंबर किती निघाला ते त्याने सांगितलं, पण तिचं लक्ष होतं कुठे! ती बोटं कानामागून निघून गेली तेवढंच तिच्या ध्यानात राहिलं.

झालं, बाईसाहेब प्रेमात पडल्या. आता साधी माणसं काय करतात? विचारतात, नाहीतर सांगून टाकतात. हिने प्रयोग मांडला. एके दिवशी ती चहाला थांबलीच नाही. तो तिला गाठायला रस्त्यापर्यंत धावत आला. मग ती खिडकीजवळची खुर्ची सोडून कोपऱ्यात जाऊन बसली. त्यानेही आपला कप उचलून कोपरा गाठला. ती रुसल्यासारखी गप्प राहिली, तर त्याने दुकानात आलेल्या एका आजोबांची नक्कल करून तिला हसवलं. गाठ दर वेळी ठिपक्यावर! ती इतकी सुखात होती की घरी एकटीच गुणगुणायची.

"अगं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" तिची वहिनी म्हणाली. "सरळ विचार ना त्याला!"

"विचारलं की उत्तर बिघडतं, वहिनी."

"आणि तुटेपर्यंत ताणलं की काय होतं?"

पुढे एकदा त्यानेच करून दिलेल्या तिच्या चष्म्याची काच तडकली. तडकली की तडकवली, ते आपण विचारायला नको. पुन्हा तीच अंधारी खोली, तीच चौकट. दोन-तीन काचा झाल्या आणि तो थांबला.

"आता काचेचं विचारत नाही," तो म्हणाला. "मी तुमच्या आयुष्यात असलेलं बरं... की नसलेलं?"

'असलेलं' हा शब्द ओठांवर आला होता. पण डोक्यातली हुशारी आडवी आली — एकदाच, शेवटचं ओढून बघू. किती जोरात परत ओढतोय ते तरी कळेल!

"दोन्ही सारखंच," ती म्हणाली, आणि मिस्कीलपणे डोळे मिचकावले.

एक डोळा काळ्या चकतीमागे होता, दुसरा जाड काचेमागे. त्याला काय दिसणार, कपाळ?

"बरं," तो हळूच म्हणाला. त्याने चौकट अलगद उतरवली, फडक्याने पुसली आणि पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो वर आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. ती वाट बघत होती... अजून ओढेल, आता ओढेल. मग तिने खुर्च्या ओढायला सुरुवात केली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, करकर करत. खाली अक्षरं नक्कीच नाचली असतील. जिना मात्र वाजला नाही.

वाजला तो महिनाअखेरीस. नवा चष्मा घेऊन तो दारात उभा होता. दुकान दुसऱ्याला दिलं होतं. भावाचं दुकान दूरच्या गावी होतं, आईही तिथेच होती, आणि परवा निघायचं होतं.

टेबलावर ती रबरं पडली होती. त्याने एक टोक बोटात घेतलं, दुसरं तिच्यापुढे केलं. "शेवटचं एकदा?"

तिने ओढलं, त्याने सांभाळलं. गाठ ठिपक्यावर थांबली. दोघंही थांबले. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि तिने नुसतं 'थांबा' म्हणायचं होतं. कुणी तिचं तोंड धरलं नव्हतं. पण तिला वाटलं, हवं असेल तर हा सोडणारच नाही...

तिला चटका बसू नये म्हणून त्याने आपला हात हळूहळू जवळ आणला. रबर सैल झालं. मग त्याने ते सोडलं.

"येतो," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

वर्षाने नंबर बदलला म्हणून ती खाली गेली. नवे चष्मेवाले वयस्कर होते, हाताला घाई होती. तीच चौकट, तीच चकती.

"हे बरं, की मघाचं?"

"मघाचं."

"आणि हे?"

"मघाचंच."

"अहो बाई, नीट बघून सांगा. ही काच जास्त स्वच्छ आहे."

अक्षरं केव्हाची विरघळली होती. वर तर कुणी खुर्चीही ओढत नव्हतं.

"असेल," ती म्हणाली. "पण मला मघाचंच हवं होतं."