रक्तातलं तिसरं

मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत अंशवाचक नावाचं नवं यंत्र आलं होतं. गर्भारपणाच्या दहाव्या आठवड्यात आईच्या दंडातून थोडं रक्त घ्यायचं. त्या रक्तात बाळाच्या जनुकांचे बारीक तुकडे तरंगत असतात. हे तुकडे यंत्र वेचायचं, वाचायचं आणि कुठला तुकडा कुणाचा, हेही सांगायचं.

चारुताचा निकाल ऐकायला तिचे वडील बरोबर आले होते. भालचंद्र उपळेकरांनी याच प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिलं होतं. त्यांची बायको कुमुद जाऊन चौदा महिने झाले होते. जावई जहाजावर, म्हणून चारुताचा अर्जही त्यांनीच भरला होता.

डॉक्टर शकीला मुजावर यांनी सरळ सांगितलं. काही तुकड्यांत अठरावं गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा दिसत होतं. अशी बाळं बहुधा जगत नाहीत. पण ही नुसती चाळणी आहे, निदान नव्हे, असं त्या दोनदा म्हणाल्या. खात्री करायची तर सोळाव्या आठवड्यात पोटात सुई घालून पाणी काढावं लागेल. चारुतानं पर्सचा बंद बोटाला गुंडाळला.

यंत्राचं गणित बसवणारे फडतरे अजून पडद्याकडंच बघत होते.

"मॅडम, हे तुकडे दोघांचे नाहीत, तिघांचे आहेत. आणि जादा अठरावं बहुतेक तिसऱ्याचं आहे."

"जुळं?"

"सोनोग्राफीत एकच आहे."

"मग अतिथी पेशी असतील." मुजावर उपळेकरांकडं वळल्या. "मामा, पोटातल्या बाळाच्या थोड्या पेशी आईत उतरतात आणि तिथंच राहतात. तीस-तीस वर्षं. आईच्या अंगातल्या पेशीही तशाच बाळात जातात. जुन्या यंत्रांना त्या दिसत नसत. अर्जात तुम्ही 'एकुलती' लिहिलंय, म्हणजे थोरलं भावंड नाही. मग उरते आई. जुन्या पेशीत असा बिघाड होऊ शकतो."

"म्हणजे हिच्यात कुमुद आहे?"

"असेल. ताडून बघावं लागेल. त्यांचे केस मिळाले तर बरं, मुळासकट. आणि तुमचं रक्त."

दुसऱ्या दिवशी उपळेकरांनी दाढीच्या डब्यातून फणी काढून दिली. तेराव्यानंतर कुमुदच्या वस्तू वाटल्या, तेव्हा ती त्यांनी बाजूला ठेवली होती.

"अप्पा, मी सगळी कपाटं पालथी घातली हिच्यासाठी," चारुता म्हणाली.

"मला लागते."

"कशाला? विंचरायला काय उरलंय?"

निकालाला आठ दिवस लागणार होते. ते आठही दिवस उपळेकर लेकीकडं जाऊन बसले. तिची काळजी होतीच. पण चारुता कणीक मळू लागली की ते तिच्या हाताच्या शिरांकडं बघत राहत. कुमुद तिथून वाहते आहे, असं त्यांना वाटे. ती जवळ असताना बोलायचे तसे ते उगीच काहीबाही बोलत. भाजी महाग झाली, शेजारी रंग काढतायत.

नवव्या दिवशी मुजावरांनी आधी चारुताचा हात धरला. जादा अठरावं सगळंच्या सगळं तिसऱ्याचं होतं. बाळाच्या तुकड्यांत शंका घेण्यासारखं काही नव्हतं. सुई नको. चारुता रडली, मग हसली.

"आणि ती कुमुदच ना?" उपळेकरांनी विचारलं.

"नाही मामा. फणीशी निम्मंच जुळतं."

त्यांनी अहवालाचं पान उलटलं.

"उरलेलं निम्मं तुमच्याशी जुळतं."

चारुताच्या आधी एक गर्भ चौथ्या महिन्यात गेला होता. घरात ते कधी बोललं गेलं नाही. असं गेलेलं मूल मोजायची रीतच नव्हती. मुलं किती, असं कुणी विचारलं की कुमुद क्षणभर थांबायची आणि 'एक' म्हणायची. ते थांबणं उपळेकरांना दिसायचं. त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांनी अर्ज मागून घेतला. 'एकुलती' खोडलं आणि त्यापुढं 'दुसरी' लिहिलं. चारुता वाकून ते वाचत राहिली.

"डॉक्टर, हिच्याकडं ते कुमुदकडनंच आलं ना?"

"हो. आणि कुमुदताईंतही शेवटपर्यंत राहिलं असणार. त्यांच्या रक्तातच."

उपळेकरांनी मान हलवली. शेवटच्या आजारात कुमुदचं रक्त दर आठवड्याला तपासायला येई. दुसऱ्या कुणी बघितलेलं तिला चालत नसे, म्हणून काचपट्टी तेच भिंगाखाली धरत. घरी आले की ती अंथरुणातून विचारायची, काय दिसलं?

आणि ते दर वेळी म्हणायचे, काही नाही.