रजाच्या सणात अनवाणी

कुंतलाच्या पत्राला मी कित्येक महिने उत्तर दिलं नाही. रागाने दिलं नाही; भित्रेपणानेही असेल. दोन्हींतला फरक मला आजही नीट सांगता येत नाही.

ती पहिल्यांदा भेटली रजाच्या सणात. ते तीन दिवस धरणी रजस्वला मानतात; ती विसावते. आमच्याकडच्या मुली तिच्यावर अनवाणी पाऊल टाकत नाहीत, केरसुणीला शिवत नाहीत. पान चघळत झोके घेतात. मी तिच्या गावचा नवा मास्तर. पुस्तकात डोकं घालून आंब्याखालून चाललो होतो. झोक्यावरच्या तिच्या पायाचा धक्का लागला आणि पुस्तक चिखलात पडलं.

"दिसत नाही का?" मी म्हणालो.

"एवढा मोठा झोका, मास्तर... तुम्हालाच दिसायला हवा होता."

"उचलून तरी द्या."

"आज जमिनीला पाय लावायचा नाही. तुम्हीच उचला. आणि आलाच आहात तर — एक झोका द्या."

तणतणत दिला. ती हसली, आणि माझा राग कुठे गेला ते कळलं नाही.

मग भांडल्याशिवाय आमचा दिवस जाईना. कुमारपौर्णिमेला ती म्हणाली, "चंद्राकडे देखणा नवरा मागतात. मी जरा कमी देखणा मागितला."

तिची आत्या आमचं घर बघायला आली, ती नेमकी प्रथमाष्टमीला. हळदीच्या पानांत उकडलेल्या तांदळाच्या गोड पिठ्यांचा वास घरभर. मामाने पाठवलेलं नवं धोतर नेसून मी पाटावर बसलो होतो आणि बोउ, माझी आई, मला ओवाळत होती. त्या दिवशी घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. कुंतलाही पहिलीच. 'थोरल्या मुलाला थोरली मुलगी चालत नाही,' म्हणत आत्या पाणीही न पिता उठली. मी पाटावरच बसून राहिलो. तिच्या बाबांनीही आत्याचंच ऐकलं. पुढे मी दुसऱ्या गावी बदली करून घेतली.

तिथे तिचं पत्र आलं. 'बाबांवर रागावले आहे, आत्यावर रागावले आहे, तुमच्यावर सगळ्यात जास्त. कपाळाला चंदन लावून गप्प बसलात. येणार असाल तर लिहा. नसाल तर तेही लिहा.'

मी भडकलो. नियम तिच्या घरचा, आणि बोल मला?

पुन्हा रज आला. मी सणाला घरी होतो. तिच्या गावाहून आलेल्या शेजारणीने सांगितलं, की कुंतला झोक्यावर बसलीच नाही. अनवाणी अंगणात उतरली आणि भर सणात केर काढायला लागली. आत्या रडायला लागली, तेव्हा म्हणाली, "एका नियमापायी माझं लग्न मोडलंत. मग बाकीचे मी कशाला पाळू?"

बोउने माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या वाट्याचाही राग तीच काढतेय, बाळा."

मी कागद घेतला. आयुष्यात पहिल्यांदा खाडाखोड न करता लिहिलं: 'पाय वर घे, झोक्यावर बस. तुझ्या बाबांशी भांडायला येतोय.'

सणात टपाल निघत नव्हतं. पत्राआधी मीच पोचणार होतो. पण 'येणार असाल तर लिहा' असं तिने बजावलं होतं... बसकडे धावता धावता मी ते पेटीत टाकलं.