कन्यारक्षक

यीस्टवर आता जगाची चूल चालत होती. पाव फुगवणारा हा सूक्ष्म जीव मोठाल्या टाक्यांतून दूध देत होता, इन्शुलीन देत होता, साड्यांसाठी रेशमी धागाही देत होता. त्याच्या सोळाही गुणसूत्रांवरची अक्षरं शास्त्रज्ञांनी केव्हाच वाचून काढली होती. तरी अकराव्या गुणसूत्राच्या टोकाशी एक जनुक असं होतं, की त्याचं काम काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. सांगलीच्या प्रयोगशाळेतली डॉ. तनुजा घोरपडे त्या जनुकामागे हात धुऊन लागली होती.

घरी तिची आई अंथरुणाला खिळली होती. रत्नमालाबाईंनी उभी हयात खो-खोच्या मैदानावर मुलींना पळायला शिकवण्यात घालवली. आता यकृत थकलं होतं आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती.

"सापडलं, आई," एका संध्याकाळी तनुजा पलंगापाशी खुर्ची ओढत म्हणाली. "यीस्टच्या पेशीला कळी फुटते. कळी सुटून वेगळी झाली की ती तिची लेक. आई कितीही म्हातारी असो, लेक कोरी करकरीत जन्मते."

"सगळ्यांचं तसंच असतं की."

"पण कसं? मी ते जनुक काढून टाकलं, तर लेकी म्हाताऱ्याच जन्मल्या. परत घातलं, तर पुन्हा तरुण. आयुष्यभर पेशीत गाळ साचतो, म्हणजे बिघडलेली प्रथिनं. हे जनुक तो सगळा गाळ आईकडे ठेवून घेतं. लेकीकडे कणभर जाऊ देत नाही."

रत्नमालाबाई हसल्या. "आई दुसरं काय करते, गं?"

तनुजाने जनुकाला नाव दिलं, कन्यारक्षक. तसंच जनुक माणसातही निघालं, फक्त झोपलेलं. त्याला जागं केलं, की दुभंगताना प्रत्येक पेशी आपला गाळ एका अर्ध्यात लोटणार. तो अर्धा मरून जाणार, स्वच्छ अर्धा उरणार. शरीर आतून नवं होत जाणार.

जागं करणारं औषध तयार झालं, तेव्हा पहिला हात रत्नमालाबाईंनी पुढे केला. "माझ्यावर कर. मी तशीही बाद व्हायला आलेय."

त्या बाद झाल्या नाहीत. आधी भूक परतली, मग डोळ्यांतला पिवळेपणा ओसरला. वर्ष सरायच्या आत त्या मैदानावर उतरल्या आणि त्यांनी आपल्याच जुन्या शिष्येला पळत जाऊन गाठलं. धाप शिष्येला लागली होती. जगभरचे कॅमेरे सांगलीत आले. तनुजा गर्दीत उभी राहून रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

औषध सर्वांना खुलं झालं, तेव्हा तिने स्वतःचीही तपासणी केली. निकाल घेऊन ती घरी आली. रत्नमालाबाई आरशासमोर वेणी घालत होत्या. केसांची मुळं काळी येऊ लागली होती.

"आई, मला ते औषध चालणार नाही. जनुकाची जोडी असते. तुझ्याकडून आलेलं चांगलं आहे, बाबांकडून आलेलं तुटकं. एक तुटकं असलं तरी दुसऱ्याचं काम बिघडतं. माझ्यासारखे बरेच निघतील."

"मग दुरुस्त कर."

"करू पाहतेय. माझ्या हयातीत होईल असं वाटत नाही."

"आणि मी किती जगेन?"

"अजून शंभर वर्षं. कदाचित जास्तही."

वेणी अर्धीच राहिली. रत्नमालाबाई आरशापासून लेकीकडे वळल्या. मग त्यांनी तिला जवळ ओढलं, तिच्या कानशिलावरचे पांढरे केस बोटांनी मागे सारले.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझं म्हातारपण मी काढीन. तुझं शेवटचं सगळं करायलाही मीच असेन."

हे बोलणाऱ्या आवाजाला जराही कंप नव्हता. तो एका तरुण बाईचा आवाज होता.