तिसऱ्या खांबावरची दोरी

"माझ्या भावानं तळं मारलं म्हणतात," ती दारातूनच म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली.

ती जाळी विणणारी होती; बोटांच्या पेरांवर सुताचे वळ उमटलेले. भाऊ तळ्यावरच्या पंपघरात कामाला. परवा पहाटे तळ्यातले मोठे मासे पांढरी पोटं वर करून तरंगले, आणि पंपघरात मोरचुदाचं पोतं उघडं सापडलं. शेवाळ मारायला ते चिमटीनं वापरतात. पंपवाल्यानं घमेल्यानं ओतलं, असं मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवून टाकलं होतं.

"पाणी तापून मासे गुदमरले असतील, असं मी म्हटलं. तर अध्यक्ष म्हणाले, वहीत चोवीस अंश लिहिलंय, गार पाण्यात मासे गुदमरत नाहीत. उद्या दुपारी बैठक. नोकरी जाईल, मग पोलीस. आम्हा दोघांना एकमेकांवाचून कुणी नाही हो, बाई."

तपासाचं काम करणाऱ्या त्या बाईंना सगळे नुसतं 'बाई'च म्हणत. त्यांचे सोबती प्रूफवाले छापखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून निवृत्त झाले होते आणि एका खोलीत एकटेच राहत. 'कुणी नाही' हे शब्द आपल्यालाच कुणीतरी ऐकवले, असं प्रूफवाल्यांना उगाच वाटून गेलं. त्यांनी उन्हाची छत्री उचलली.

तळं वाटाण्याच्या सालीसारखं हिरवं झालं होतं. दोन महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. धक्क्याच्या खांबांवर जुन्या पाण्याची पांढरी रेघ आताच्या पाण्याहून हातभर उंच राहिली होती. त्या रेघेपर्यंत गोगलगाई चढून बसल्या होत्या. प्रूफवाल्यांनी एकीला बोट लावलं, तशी तिनं अंग चोरलं. काठाशी बोटाएवढे मासे झुंडीनं फिरत होते. तिसऱ्या खांबावर थर्मामीटरची दोरी लोंबत होती, आणि कोळ्यानं त्या दोरीपासून खांबापर्यंत सुरेख जाळं विणलं होतं.

"किती निवांत काम आहे," प्रूफवाले पुटपुटले.

"फारच निवांत," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी थर्मामीटरच्या टोकाखालून सहज हात फिरवून घेतला.

पंपवाला पंपघराच्या दारातच उभा होता; बहीण त्याच्याजवळ जाऊन थांबली. दोन दिवस झोपला नसावा.

"पोतं उघडं का?"

"बांधायची सुतळी तुटली. गेल्या वर्षी कालव्यात मूठभर मोरचूद टाकलं, तर शेवाळाच्या आधी गोगलगाईच मेल्या. तेव्हापासून त्याला हात लावला असेल तर शपथ."

"आणि पाण्यात हवा सोडायचं यंत्र?"

"रोज पारेकाकांची तापमानाची चिठ्ठी येते. पारा सव्वीसच्या वर गेला की यंत्र रात्रभर चालवायचं, असा नियम. यंदा एकदाही गेला नाही." तो घुटमळला. "हाताला पाणी कोमट लागत होतं. पण माझ्या हाताला काय कळतं? आकडा तो आकडा."

"ह्याला चिठ्ठीवर 'तू मेलास' असं लिहून द्या," बहीण म्हणाली, "हा मुकाट आडवा होईल." तिचा आवाज मात्र थट्टेचा नव्हता.

तळ्याकाठचा रंगारी कोपरापर्यंत निळा झालेला होता. "या! नाल्याला शिव्या घालायलाच आलात ना? माझा नाला तळ्याच्या खालच्या अंगाला मिळतो. रंगाचं पाणी डोंगर चढायला शिकलंय का?"

"धंदा कसा चाललाय?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"डोंबल! गार हौदात कापड चार तास बुडवायचं, ही बापाच्या वेळची रीत. यंदा तीन तासांतच रंग गडद. थानंच्या थानं परत आली. रंगाची पूड बदलली, तरी तेच."

"हौदात पाणी कुठलं?"

"तळ्याचंच. दुसरं कुठून आणू?"

पारेकाकांचं घर धक्क्यासमोर होतं. एकतीस वर्षं ते तळ्याच्या तापमानाची वही ठेवत, म्हणून हे नाव. खिडकीशी टेबल, टेबलावर वही. फळीवर दोन कप. एक पालथा, बुडावर धूळ धरलेला.

"एक दिवस चुकला नाही," काका म्हणाले. "सकाळी सात म्हणजे सात."

"धक्क्यावर तुम्हीच उतरता?"

"उतरणं होतंच." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग, कुणी न विचारताच: "ही गेली हिवाळ्यात. आवाज खणखणीत होता हिचा. धक्क्यावरून बोलली तरी इथे ऐकू यायची."

बाईंनी यंदाची वही प्रूफवाल्यांच्या हाती दिली आणि स्वतः जुन्या वह्या चाळत बसल्या. प्रूफवाल्यांचे डोळे कौतुकानं भरून आले.

"काका, असं हस्ताक्षर नि अशी स्वच्छता! बाईंच्या हातातल्या जुन्या वह्यांत पानोपानी खाडाखोड दिसते, यंदा एकही नाही. 'सव्वाचोवीस, ढगाळ.' 'चोवीस, पहाटे सर येऊन गेली.' वा!"

काकांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. कौतुकानं माणूस इतका का कोमेजावा, हे प्रूफवाल्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. अध्यक्ष घड्याळ बघत आले.

"मोरचुदानं गोगलगाई आधी मरतात," बाईंनी सुरुवात केली. "तळ्यातल्या जिवंत आहेत, आणि पाणी सोडून खांबावर चढल्यात. लहान मासे जिवंत, मोठे मेले. मोठ्या जिवाला हवा जास्त लागते. हे विष नाही. मासे गुदमरले."

"गार पाण्यात?" अध्यक्ष म्हणाले. "वही बघा!"

"पाणी गार नव्हतंच. पंपवाल्याच्या हाताला ते कोमट लागलं. रंगाऱ्याच्या कापडानं तासभर आधी रंग धरला. ऊन पाण्यात तो लवकर चढतो."

"म्हणजे पूड चांगली होती!" रंगारी कपाळावर हात मारून म्हणाला.

"पाणी लवकर तापलं, तशी बारक्या माशांची पैदास लवकर आणि भरमसाट झाली. त्यांनी पाण्यातल्या पिसवा, ते ठिपक्याएवढे जीव, फस्त केल्या. त्या पिसवाच शेवाळ खातात. खाणारं उरलं नाही, तसं शेवाळ माजलं. दिवसा ते हवा देतं, रात्री स्वतःच ओढून घेतं. आणि ऊन पाण्यात हवा मुळातच कमी. पहाटेपर्यंत मोठ्यांच्या वाट्याला काही राहिलं नाही. रात्री यंत्र चाललं असतं, तर बरेच वाचले असते."

"मग वहीतले चोवीस?"

बाईंनी टेबलावरची वही पुढे ओढली. मग त्यांचा आवाज खाली आला.

"पाणी हातभर उतरलंय आणि दोरी तेवढीच आहे. थर्मामीटर हवेत लोंबतोय. रोज कुणी तो बघत असतं, तर दोरी वाढवली असती, निदान कोळ्याचं जाळं तरी तुटलं असतं. दोन महिने पाऊस नाही, पण वहीत सरी पडतात. मी गेल्या वर्षीची वही उघडली. त्याच तारखा, त्याच सरी, तेच आकडे. ऐकून लिहिताना माणूस चुकतो, खोडतो. खोडलेलं गाळून उतरवलं की पान स्वच्छ होतं."

प्रूफवाल्यांनी मान खाली घातली. जन्मभर चुका शोधल्या. चूक नसणं हीच चूक असू शकते, हे सुचलं नव्हतं.

काका खिडकीकडेच बघत होते.

"वाचायची ती," ते म्हणाले. "मी नुसता लिहायचो. ती आकडा ओरडायची, मी इथून म्हणायचो, 'लिहिलं.' ती गेल्यावर एकदा उतरलो धक्क्यावर. पारा दिसत होता, पण आवाज कुठून आणू? परत आलो नि जुनी वही उघडली. तिचेच आकडे होते ते. वाटलं, तळं काय, दरवर्षी सारखंच असतं."

"म्हणजे मासे ह्यांनी मारले!" अध्यक्ष उठले.

"पाणी ह्यांनी तापवलं नाही," बाई म्हणाल्या. "पण ते तापल्याचं कळू दिलं नाही, हे खरं. तेवढंच बैठकीत सांगा. मोरचुदाचं नाव पुन्हा काढू नका."

"गुन्हा माझाच," काका म्हणाले. "पोराला सोडा."

पंपवाला त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "काका, पाणी कोमट आहे हे माझा हात सांगत होता की. मीही त्याचं ऐकलं नाही."

अध्यक्ष बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. "ह्याच्यावरचा आळ गेला," ते शेवटी म्हणाले. "पण आज पारा किती, ते कोण सांगणार?"

प्रूफवाले उठले. बहिणीनं न विचारताच कमरेची सुताची गुंडी त्यांच्या हाती दिली. धक्क्यावर जाऊन त्यांनी कोळ्याचं जाळं हलकेच बाजूला केलं, दोरीला हातभर सूत जोडलं, थर्मामीटर पाण्यात सोडला आणि थांबले. कित्येक वर्षांत ते मोठ्यानं बोलले नव्हते, कुणाशी बोलणार?

"अठ्ठावीस!" आवाज चिरकला.

खिडकीत हालचाल दिसली नाही. काठाशी एक गोगलगाय खांब सोडून पाण्याकडे वळली, मग पुन्हा थांबली.

"अठ्ठावीस!" त्यांनी पुन्हा हाक दिली. "ऊन. ढग नाहीत!"

बऱ्याच वेळानं खिडकीतून आलं, "लिहिलं."

पंपवाला यंत्राकडे धावला. उद्या सात वाजता इथे कोण येणार, हे कुणी विचारलं नाही. प्रूफवाल्यांनी गाठ एकदा ओढून पाहिली आणि आणखी घट्ट केली.