दोन प्रती, एकावर एक

बसा असे जवळ. दिवा राहू दे, बोलताना मला समोर चेहरे लागतात. आणि ही ऐकीव गोष्ट समजू नका. ज्याच्या बाबतीत घडलं, त्याची यंत्रं मीच दुरुस्त करायचो.

दोघे सख्खे भाऊ. व्हिडिओ एडिटिंगचं काम. थोरला खुर्चीत, धाकटा वायरी गुंडाळायला. वर्षानुवर्षं धाकट्यानं रात्रीचा दिवस केला, पण एकाही फिल्मच्या शेवटी थोरल्यानं त्याचं नाव येऊ दिलं नाही. विचारलं की म्हणायचा, "नाव कमवावं लागतं, बाळा." केस पिकत आलेल्या माणसाला बाळा! धाकटा गिळून घ्यायचा. पण गिळलेलं कुठे जातंय, राहतं आत साचून.

एका संध्याकाळी यावरूनच दोघांचं चांगलं वाजलं. धाकटा तणतणत बाहेरच्या खोलीत येऊन बसला. थोड्या वेळानं आतून हाक आली, "अरे..." चहा हवा असेल, घेईल स्वतः करून, म्हणून हा उठलाच नाही. पुन्हा हाक आली नाही. बऱ्याच वेळानं आत गेला तर थोरला खुर्चीतच गेलेला. हृदय बंद पडलं होतं. मान दाराकडे वळलेली.

त्या हाकेचं त्यानं वहिनीला कधी सांगितलं नाही.

थोरल्यानं जुन्या दीपगृहावर केलेली फिल्म तेवढी पुरी झाली होती, पण ती होती जुन्या यंत्रावर आणि ते यंत्र शेवटच्या घटका मोजत होतं. एका मोठ्या वाहिनीनं फिल्म मागितली, तेव्हा ती नव्या यंत्रावर, वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं ठरलं. वहिनी एवढंच म्हणाली, "भावजी, त्यांचं त्यात काही गळू देऊ नका हं."

"काळजी नको वहिनी. केसाएवढंही गळणार नाही."

गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. रात्री अकराच्या सुमारास तो कामाला बसला, थोरल्याच्याच खुर्चीत. चित्र पुन्हा दाबून लहान करायचं नाही, आहे तसं उचलायचं. कापलेल्या, जोडलेल्या जागा जशाच्या तशा न्यायच्या. काही हरवलं का, हे बघायची त्यांची एक रीत होती, थोरल्यानंच शिकवलेली. जुनी प्रत आणि नवी प्रत एकावर एक ठेवायची आणि यंत्राला सांगायचं, दोन्हींत सारखं असेल ते पुसून टाक. काहीच गळलं नसेल तर पडदा शेवटपर्यंत काळाकुट्ट. फरक असेल तेवढाच उजळतो.

सगळी फिल्म काळी गेली. अगदी शेवटी मात्र दोन नावं एकमेकांत गुंतून उजळली. उजळणारच. नव्या प्रतीतलं थोरल्याचं नाव काढून धाकट्यानं तिथे स्वतःचं घातलं होतं. इतक्या वर्षांचा राग, दुसरं काय! मग त्यानं जुन्या प्रतीतही तेच केलं. थोरल्याचं नाव आता कुठेच उरलं नाही.

पुन्हा तपासलं.

काळं. नावाची जागाही काळी. आणि नंतर... काहीतरी राखाडी. एक खुर्ची. खुर्चीत पाठमोरा माणूस.

त्यानं पडदा पुसला. पुन्हा चालवलं. खुर्ची तीच, पाठ तीच. मान जराशी वळलेली.

पुन्हा चालवलं.

कान दिसला. गाल दिसला...

त्यानं वायर उपटली. अंधार. पाठीमागे दार उघडं होतं. हाक नाही आली. कुणी हाक मारण्याआधी श्वास घेतं ना... तेवढंच.

उजाडल्यावर जुनं यंत्र त्यानं भंगारात दिलं. फिल्म वाहिनीवर लागली, वाहवा झाली, ती त्याच्या नावानं. वहिनीला प्रत दिली तीही तोंड चुकवत. ती दोन दिवसांनी आली. रडली नाही, भांडली नाही.

"नाव काढलंत, ते दिसलं. असो. पण शेवटी त्यांना खुर्चीत बसलेलं ठेवलंत, तेवढं बरं केलंत. एक विचारू भावजी? ते मागे वळून कुणाची वाट बघतायत?"

धाकट्यानं तिची प्रत तेवढी मागून घेतली.

त्याच रात्री तो वहिनीची आणि स्वतःची, अशा दोन्ही प्रती घेऊन माझ्याकडे आला. तेव्हा मला हे सगळं कळलं, त्या हाकेसकट. "दादा, तुम्हीच बघा. माझा धीर होत नाही." मी वहिनीची प्रत त्याच्या प्रतीवर ठेवली. हा माझ्या मागे उभा, दाराकडे पाठ करून, डोळे गच्च मिटून.

काळं... काळं... शेवटी ती राखाडी खुर्ची आली.

"आहे का दादा? बसलाय का तो?"



खुर्ची रिकामी होती.