आबांचा फोन आणि दोनशे किलोबिटांची वाट

मालवणपासून दोनशे किलोमीटरवर, भर समुद्रात शेवाळशेती करणारं एक तरंगतं गाव होतं. वादळात समुद्रतळाची केबल तुटली आणि गावातल्या चाळीस माणसांना उपग्रहाची आणीबाणीची वाट तेवढी उरली.

अकरा वर्षांची शाल्मली मालवणच्या इस्पितळात असलेल्या आबांशी, तिच्या आजोबांशी, बोलत होती. आवाज स्वच्छ होता. मग एकाएकी तो तुटायला लागला.

"शमू, मला काय वाटतं..." पुढे नुसती खरखर.

गावाची दळणवळण यंत्रणा ग्लॅडिसमावशी सांभाळायची. शाल्मली तिच्याकडे धावली.

"फोन बिघडला का गं?"

"नाही. आत्ताच तिसऱ्या कुणीतरी फोन लावला."

"मग त्याचाच तुटायला हवा! आमचा का?"

"आवाजाचे तुकडे करून सेकंदाला पन्नास पाकिटं पाठवतात. आवाजाचे चौसष्ट किलोबिट (बिट म्हणजे शून्य किंवा एक, किलोबिट म्हणजे असे हजार) आणि पाकिटांवरच्या पत्त्यांचे सोळा. एका फोनला सेकंदाला किती?"

"ऐंशी."

"आपली बँडविड्थ (वाटेवरून सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती जाईल ते माप) दोनशे. तीन फोन म्हणजे दोनशे चाळीस. मग कुणाचीही पाकिटं गळतात."

मावशीने आवाजाची माहिती दाबून चौसष्टचे आठ केले. पत्त्यांचे सोळा तसेच राहिले. आता एका फोनला चोवीस पुरत होते, म्हणजे एकाच वेळी आठ फोन!

दुपारी इस्पितळाचा निरोप आला. आबांची शस्त्रक्रिया ताबडतोब करायची होती आणि संमतीपत्रावर शाल्मलीच्या बाबांची सही हवी होती. वादळात होडी जाणं शक्य नव्हतं. इस्पितळाने फॅक्स (कागदाचं चित्र सुरांत बदलून फोनवरून पाठवणारं यंत्र) दोनदा लावला, पण दोन्ही वेळा कागदावर काळे पट्टे उमटले.

"दाबताना कानाला न जाणवणारे बारकावे आपण टाकून देतो," मावशी म्हणाली. "माणसाचं भागतं, फॅक्सचं नाही. त्याला पूर्ण ऐंशी लागतात."

आठही फोन चालू होते. शाल्मलीने बोटांवर हिशेब केला. "तीन बंद करावे लागतील."

दोन शेजाऱ्यांनी लगेच फोन ठेवले. तिसरा तिच्याच हातात होता.

"आबा, ठेवते हं. तुमचाच कागद यायचाय."

"ठेव बाळा."

कागद आला. बाबांनी सही केली आणि तो परत गेला. शस्त्रक्रिया वेळेवर झाली, पण आबा शुद्धीवर आले नाहीत. बाबा रात्रभर धक्क्यावर बसून होते. शाल्मली त्यांच्या कुशीत शिरून रडली.

महिन्याभराने नवी उपग्रहवाट मागवायची ठरली.

"चाळीस माणसं गुणिले चोवीस करू?" मावशीने मुद्दामच विचारलं.

"नको. सगळे एकदम थोडेच बोलतात?" शाल्मली म्हणाली. "अगदी गर्दीच्या वेळी किती बोलतात ते बघायचं. बारा फोन, दोनशे अठ्ठ्याऐंशी. दोन फॅक्स, एकशे साठ. झाले चारशे अठ्ठेचाळीस. वर पाव भाग मोकळा. पाचशे साठ मागव."

पुढच्या पावसाळ्यात केबल पुन्हा तुटली. अकरा जण एकाच वेळी आपापल्या घरी बोलत होते, शिवाय एक फॅक्स चालू होता. शाल्मलीला मालवणला फोन लावायला आता कुणी नव्हतं. ती मावशीशेजारी बसून आकडे बघत राहिली.

तीनशे चव्वेचाळीस. अजून जागा होती.